गिरसप्पाची मिरीराणी

सोनपेठच्या काळ्या मातीत कापूस येतो, तूर येते, सोयाबीन येते. मिरीचा वेल येत नाही. तरी आमच्या काळ्या मसाल्याचे मिरीवाचून भागत नाही. हा दाणा मूळचा सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवरचा. त्याच्या ओढीने पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले आणि पुढे समुद्रावर त्यांचा दरारा बसला. पण मिरी समुद्रात पिकत नव्हती.

गिरसप्पाचा धबधबा मराठी वाचकाला ऐकून तरी ठाऊक असतो. ज्या गावावरून त्याला हे नाव पडले ते गेरसप्पा धबधब्याच्या खालच्या अंगाला, शरावतीच्या काठी, आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे चेन्नभैरादेवी ही जैन राणी राज्य करीत होती. पोर्तुगीज तिला 'रैना द पिमेंता', म्हणजे मिरीची राणी, म्हणत. ही उपाधी कौतुकाची वाटते खरी. तिच्यामागे नाइलाजच अधिक असावा, असे माझे मत आहे.

कारण मिरीची बाग म्हणजे नांगरलेले शेत नव्हे. वेलाचे फाटे सुपारी, आंबा, फणस अशा उभ्या झाडांच्या बुंध्याशी लावायचे. पेरांना फुटणाऱ्या मुळांनी वेल झाडाला धरून वर चढतो. सावली झाडाची, खत पाचोळ्याचे. पहिले पीक हाती यायला तीनेक वर्षे लागतात. पावसाळ्यात तुरे फुलतात. हिवाळ्यात घोसातला एखादा दाणा लाल होताच घोस खुडून उन्हात वाळवतात आणि हिरवे दाणे सुरकुतून काळे पडतात. (मिरी भाजल्यामुळे सुरकुतते, असा समज इब्न बतूताच्या देशात होता. चौदाव्या शतकात मलबारात आल्यावर त्याने तो खोडून काढला.)

अशी बाग तोफेने घेता येत नाही. डोंगरउतारांवर विखुरलेल्या बागा, त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा, वेल जोपासण्याचे पिढीजात ज्ञान, यांपैकी काहीच बंदरात बसून ताब्यात येत नव्हते. १५६९ मध्ये व्हाइसरॉय लुईस द अताईद याने शरावतीच्या मुखावरचे होनावर जिंकले व तेथे किल्ला बांधला. तरीही मिरीसाठी पोर्तुगिजांना राणीशीच बोलणी करावी लागत.

सतराव्या शतकाच्या आरंभी केळदीच्या वेंकटप्पा नायकाने तिचे राज्य गिळले. १६२३ मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले गेरसप्प्याहून गेला, तेव्हा ती राजधानी उजाड झाली होती. होनावरचा किल्ला मात्र पोर्तुगिजांकडेच होता. देल्ला वाल्ले ज्या पोर्तुगीज वकिलाबरोबर प्रवास करीत होता, तो घाट चढून इक्केरीला, याच वेंकटप्पाच्या दरबारी निघाला होता.