यंत्राची बैठक : भोर व वेल्हे परिसरातील दळण, हादरा आणि रबरी गादी

१

यंत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच त्याच्या फिरणाऱ्या भागांकडे जाते. ज्या जागेवर ते यंत्र बसविले जाते तिचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः यंत्र आणि त्याच्या भोवतालचा माणूस यांचा संबंध या बैठकीतून ठरतो. यंत्रात उत्पन्न होणारा हादरा जमिनीत, जमिनीतून भिंतीत आणि भिंतीतून शेजारच्या घरात जावयाचा की नाही, हे तिच्यावर अवलंबून असते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे या दोन डोंगराळ तालुक्यांत दळणकांडणाच्या साधनांची बैठक कसकशी बदलत गेली, आणि आज सर्रास वापरात आलेल्या रबरी गादीची निवड कोणत्या तत्त्वावर व्हावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वेल्ह्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. येथे जुन्या कालखंडाचे विवेचन असल्याने वेल्हे हेच नाव वापरले आहे.

२

नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंद या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश मुख्यतः भाताचा. त्यामुळे येथील घरात जात्याइतकेच महत्त्व उखळास होते. मराठीतील ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ शब्दापासून प्राकृत ‘जंत’ या रूपाच्या द्वारे आला, हे व्युत्पत्तिशास्त्रास मान्य आहे. मराठी कुटुंबाच्या लेखी यंत्र म्हणजे प्रथमतः जाते होय, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. या दोन साधनांच्या बैठकी मात्र भिन्न होत्या. जात्याची गती संथ व अखंड असल्याने ते नुसते जमिनीवर मांडले तरी चालत असे. खाली पसरलेले फडके पीठ गोळा करण्यासाठी असे, हादऱ्यासाठी नव्हे. उखळाचे तसे नाही. मुसळाचा प्रत्येक घाव हा स्वतंत्र आघात असल्याने दगडी उखळ पडवीच्या किंवा माजघराच्या जमिनीत पुरून टाकीत. आघात करणाऱ्या साधनास वजनदार व जमिनीशी एकजीव झालेली बैठक द्यावी, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथाशिवाय घराघरांत रुजलेले होते.

जात्याचा आवाज आणखी एका दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. त्याची घरघर मानवी स्वरास झाकून टाकीत नाही. उलट त्या घरघरीच्या आधाराने ओवी उभी राहते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी मुळशीसह ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. एवढे वाङ्मय ज्या साधनाच्या संगतीत निर्माण झाले, त्या साधनाचा आवाज गाण्यास जागा ठेवणारा होता, ही गोष्ट यंत्रेतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये. यांत्रिक गिरणीने बायकांचे पहाटेचे कष्ट वाचविले, हा तिचा निर्विवाद उपकार होय. परंतु तिच्या शेजारी ओवी म्हणणे शक्य राहिले नाही.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या बाजारपेठांतून तेलावर चालणारी इंजिने पसरू लागली. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे १९३० च्या सुमारास निघालेले संथगती इंजिन या वर्गाचा नमुना मानता येईल. त्याची गती मिनिटास ६०० ते ६५० फेऱ्या. दोन्ही बाजूंस जड गतिचक्रे. याच धर्तीची इंजिने पुढे राजकोटात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. भोरच्या दक्षिणेस साताऱ्यात कूपर आणि उत्तरेस पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, असे या उद्योगाचे दोन कारखाने होते. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तो काळ हा असा इंजिनांच्या प्रसाराचा होता.

एका सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्या पुढेमागे फेकला जातो व त्याचा हिसका प्रत्येक फेऱ्यास बैठकीवर येतो. हे इंजिन म्हणजे एका अर्थी मिनिटास सहाशे घाव घालणारे मुसळच होय. त्याला दिलेली बैठकही उखळाच्या परंपरेतीलच होती : जमिनीत खोल खणलेला खड्डा, त्यात दगड व काँक्रीट यांचा ठोकळा, आणि ठोकळ्यात गाडलेले बोल्ट. यंत्राच्या वजनाच्या तिप्पट ते पाचपट ठोकळा असावा, असा ठोकताळा प्रचलित आहे. अशा यंत्रांच्या पायासंबंधी भारतीय मानक संस्थेने आय.एस. २९७४ ही संहिता तयार केली. तिच्या पहिल्या भागाची १९८२ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे.

४

विजेच्या आगमनाने हे चित्र पालटले. भाटघर येथील लॉइड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले ते नीरा कालव्यांच्या सिंचनासाठी. तेथील १६ मेगावॉटचे वीजगृह सुरू झाले ते १९७७ मध्ये. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० ची. गावोगाव वीज पोहोचू लागली तसतशी इंजिनाची जागा मोटारीने घेतली. ही मोटार सामान्यतः मिनिटास १४४० फेऱ्या घेते. तिच्यात पुढेमागे जाणारा दट्ट्या नसतो; तिचा हादरा लहान व जलद असतो. खोल खड्डा खणण्याची निकड उरली नाही आणि ठोकळ्याच्या जागी रबरी गादी आली. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याची प्रक्रिया शोधून काढली होती. म्हणजे साधन उपलब्ध होते. ते ज्या गतीस मानवते ती गती गिरणीत नंतर आली.

येथे मूळ प्रश्नाशी येऊन पोहोचतो. रबरी गादी कोणत्याही यंत्राखाली घातली की हादरा कमी होतो, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. यंत्राच्या भाराने गादी किती दबते यावरून त्या बैठकीची स्वाभाविक कंपनसंख्या ठरते : दाब मिलिमीटरमध्ये मोजून त्याच्या वर्गमुळाने १५.८ या संख्येस भागले असता सेकंदास होणारी कंपने मिळतात. यंत्राची कंपनसंख्या या संख्येच्या सुमारे १.४ पटीहून अधिक असेल तरच गादी हादरा अडविते. त्याहून कमी असेल तर ती हादरा वाढविते.

उदाहरणार्थ, भाराखाली एक मिलिमीटर दबणाऱ्या गादीची स्वाभाविक कंपनसंख्या सुमारे १६ भरते. मिनिटास ६५० फेऱ्यांच्या इंजिनाची कंपनसंख्या सेकंदास ११ च्या आत आहे. अशा इंजिनाखाली ही गादी घातल्यास जमिनीस पोहोचणारा जोर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट होईल. १४४० फेऱ्यांच्या मोटारीची कंपनसंख्या २४. तिच्याखाली हीच गादी सुमारे एकचतुर्थांश जोर अडवील, आणि चार मिलिमीटर दबणारी गादी अडवील सुमारे आठ-नवमांश. रबराचे अंतर्गत घर्षण व चलभाराखाली वाढणारा त्याचा ताठरपणा येथे हिशेबात घेतलेला नाही. तो घेता प्रत्यक्ष फळ काहीसे उणे येते. संथ इंजिनास दगडी ठोकळा देणारे जुने गवंडी अडाणी नव्हते, हे या गणिताने सिद्ध होते.

यातून निवडीचे काही नियम निघतात. गादीची जाडी पाहून भागत नाही, तिचा दाब पाहावा. रबर दाबले असता त्याचे घनफळ जवळपास बदलत नाही. त्यास बाजूस फुगावे लागते. म्हणून रुंद व सपाट तावापेक्षा खाचा किंवा छिद्रे असलेली गादी, अथवा कोपऱ्यांतील लहान तुकडे, अधिक दबतात. पट्ट्याने जोडलेली मोटार व चक्की एकाच लोखंडी चौकटीवर घ्यावी. केवळ मोटारीखाली गादी घातल्यास ती पट्ट्याच्या ताणाने कलते व पट्टा सैल पडतो. चौकटीवरील सर्वांत संथ फिरणारा भाग, म्हणजे बहुधा चक्कीचा दगड, हाच हिशेबास धरावा. चौकटीवर काँक्रीटचे वजन वाढविल्यास गादी अधिक दबते आणि यंत्राचे हलणेही कमी होते. जुना ठोकळा अशा रीतीने नव्या गादीवर बसू शकतो.

५

निवडीतील गोंधळास भाषाही काही अंशी कारणीभूत आहे. बाजारात ‘रबर’ हा शब्द कोणत्याही काळ्या, लवचिक तावास लाविला जातो. नैसर्गिक रबर तेलाने फुगते व सैल पडते. नायट्राइल रबर तेलास दाद देत नाही. पीव्हीसी तर रबर नव्हेच, आणि सतत भाराखाली ते कायमचे चेपते. इंजिनाच्या तेलकट जागी व कोरड्या गिरणीत एकच माल चालणार नाही.

उलट बोलभाषेतील ध्वन्यनुकारी शब्द मात्र कमालीचे काटेकोर आहेत. ‘थरथर’ ही पायास जाणवते. तिचा मार्ग जमिनीतून असल्याने तेथे गादीचा उपयोग होतो. ‘खडखड’ म्हणजे सुटा भाग. त्यास पाना हवा, गादी नव्हे. ‘फटफट’ धुराड्याची असते व ती हवेतून येते. दगडांची ‘घरघर’ही बव्हंशी हवेतून पसरते; तिला दार, भिंत व छप्पर यांचाच अडसर. शेजाऱ्याने तक्रारीत कोणता शब्द वापरला हे नीट ऐकले तर उपायाची दिशा अर्धीअधिक कळते.

६

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सामान्यतः शक्तीवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेस कारखाना मानले. एकदोन माणसांची गावातील गिरणी त्या संरक्षणाच्या बाहेर राहिली; तेथे दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाच्या कानांची दखल त्या कायद्याने घेतली नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली; परंतु हे नियम हवेतील आवाजाचे माप घेतात, मातीच्या जुन्या भिंतीतून चढणाऱ्या थरथरीचे नव्हे. जेथे कायदा अपुरा पडतो तेथे बैठक बसविणाऱ्या कारागिराचा निर्णय हाच शेजाऱ्याच्या झोपेचा आधार ठरतो.

उखळ जमिनीत पुरणाऱ्या आणि जाते मोकळे मांडणाऱ्या घरास दोन गतींतला भेद ठाऊक होता. रबरी गादी विकत घेताना यंत्राची गती विचारली जात नाही, तेव्हा तो भेद विसरला गेलेला असतो.