मृतांची शिदोरी : इजिप्त ते माहुरझरी

१८७० साली आपल्याच बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून धातूचा एक तुकडा वर आलेला दिसला. तो त्यांनी ओढला, आणि त्याच्यामागे जे निघाले त्याने भल्याभल्यांना कोड्यात टाकले. तांब्याच्या ४२४ वस्तू, बहुतेक कुऱ्हाडी आणि लांबट पट्ट्यांसारखी अवजारे, वजन पावणेचारशे किलोंच्या आसपास. शिवाय चांदीचे १०२ पातळ पत्रे : काही गोल, काही शिंगे असलेल्या बैलाच्या मुखासारखे. आज त्यांतल्या काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही नागपूरच्या अजब बंगल्यात.

ही ठेव कोणी ठेवली? कारागिराचा साठा होता, देवाला वाहिलेले दान होते, की संकटकाळी पुरलेले धन? अभ्यासकांचे यावर आजही एकमत नाही. वस्तू हाती आल्या, पण कोणती वस्तू कशाशेजारी होती, जवळ हाडे, खापरे किंवा राख होती का, हे पाहून टिपून ठेवणारे त्या क्षणी तिथे कोणी नव्हते. गुंगेरियाचा साठा म्हणजे काही थडगे नव्हे. पण आज थडग्यांविषयी जे सांगायचे आहे त्याची सुरुवात त्यापासूनच करावी लागते. जमिनीखालच्या वस्तूचे मोल जेवढे वस्तूत, तेवढेच तिच्या जागेत असते.

जगाला हा धडा शिकवला इजिप्तने, आणि तोही उशिरा. तिथल्या राजांची थडगी लुटण्याचा धंदा राजांच्या काळापासूनच चालू होता. नवव्या रामसेसच्या कारकिर्दीत, इसवी सनापूर्वी सुमारे ११०० साली, थडगी फोडणाऱ्या चोरांवर खटले चालले. त्यांच्या जबान्या पपायरसवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. चोरांना कंटाळून पुजाऱ्यांनी अनेक राजांची शवे दैर अल्-बहरीच्या एका गुप्त खोदीव दालनात हलवली. एकोणिसाव्या शतकात ती जागा कुर्ना गावातल्या एका कुटुंबाला सापडली. त्यांनी गरजेप्रमाणे एकेक वस्तू काढून गुपचूप विकली. घरात बेबनाव झाला, एका भावाने तोंड उघडले, तेव्हा १८८१ साली सरकारी अधिकारी तिथे पोचले.

चित्र पालटले ते फ्लिंडर्स पेट्रीमुळे. १८९४-९५ मध्ये नकादा येथे त्याने दोन हजारांहून अधिक थडगी खणली. त्यांत सोने फारसे नव्हते. मडकी मात्र भरपूर होती. पेट्रीने प्रत्येक थडग्याला क्रमांक दिला आणि कोणते मडके कोणत्या मडक्याबरोबर निघाले ते लिहून ठेवले. मडक्यांचे घाट हळूहळू कसे बदलत गेले ते ताडून त्याने थडग्यांचा काळक्रम लावला. राजांच्या याद्या सुरू होण्याआधीचा इजिप्त आपल्याला कळला तो या कुंभारकामाच्या हिशेबातून. पुढे ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टरच्या माणसांना तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी लागली. आत पाच हजारांहून अधिक वस्तू होत्या. जागच्या जागी छायाचित्रे घेत, नोंदी करत त्या बाहेर काढायला जवळजवळ दहा वर्षे लागली. त्या धीरामुळेच त्या थडग्यातल्या लहानात लहान वस्तूचीही जागा आज सांगता येते.

त्या राजाच्या शवावरच्या वस्त्रांच्या गुंडाळ्यांत लोखंडी पात्याचा एक खंजीर निघाला. तपासणीत ठरले की ते लोखंड आकाशातून पडलेल्या उल्केचे होते. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात लोखंड म्हणजे सोन्याहून दुर्मिळ चीज. ती राजालाच शोभायची. हा खंजीर लक्षात ठेवून आता आपल्या मुलखाकडे वळू.

नागपूरहून काटोलच्या वाटेला लागलात की जुनापाणी येते. तिथल्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत, एक-दोन नव्हेत, तीनशेच्या आसपास. वर्तुळाच्या आत दगडगोट्यांचा आणि मातीचा उंचवटा. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची माहिती छापली. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी त्यांतली काही वर्तुळे शास्त्रशुद्ध खणली. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे उत्खनने केली, आणि विदर्भातल्या अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांशी आपली ओळख झाली.

माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांच्या हाडांबरोबर घोड्यांची हाडे निघाली. घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे साज होते, लोखंडी लगामाच्या कड्या होत्या. रंगीत दगडांचे मणी होते. तांब्याच्या मुठीचा लोखंडी खंजीर होता. आणि कुऱ्हाडी, छिन्न्या, पळ्या, भाल्यांची टोके अशी लोखंडी अवजारे तर कितीतरी. पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. तुतनखामेनला जी धातू आकाशाने दिली, ती सहा-सातशे वर्षांनी इथला माणूस स्वतःच्या भट्टीत गाळत होता आणि घरच्या मृताला शिदोरीसारखी बरोबर देत होता. हा निष्कर्ष कुठल्या एका वस्तूतून निघत नाही. खंजीर, घोडा, धोंड्यांचे वर्तुळ आणि भट्टी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तेव्हाच तो निघाला.

आणखी एक उदाहरण पाहा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८पासून पुढची पंधराएक वर्षे डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. लहान मूल गेले की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणे निजवत, पण घोट्याखाली पाय तोडून. गेलेला माणूस परत येऊ नये किंवा आपल्याला सोडून दूर जाऊ नये, असे त्यामागचे मन असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एका मोठ्या घरात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवलेला निघाला. त्याचे पाय शाबूत होते. गावात त्याचे स्थान वेगळे होते, हे सांगायला कुठलाही शिलालेख लागला नाही.

तुतनखामेनच्या थडग्यातही दोन चिमुकल्या शवपेट्या होत्या, जन्मापूर्वीच गेलेल्या दोन बालिकांच्या. सोन्याच्या मुखवट्याची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या पेट्यांची फार थोड्यांनी. आपल्याकडे आजही तान्हे मूल गेले तर त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. संन्याशाला बसवून समाधी देतात. गोंडांमध्ये मृताच्या नावाने दगड उभा करण्याची रीत आहे. नाईलकाठ, घोडकाठ आणि वैनगंगाकाठ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. पण गेलेल्याला रिकाम्या हाताने आणि एकटे पाठवायचे नाही, ही ओढ तिन्हीकडे दिसते.

आपली घराणी भोसल्यांच्या काळात किंवा त्यानंतर या बाजूला आली. आपण वंशावळ सांगतो ती सात-आठ पिढ्यांची, आणि हट्ट्याच्या बावलीच्या पायऱ्या उतरताना हेच या गावचे सर्वांत जुने, असे मनात येते. पण आपण ज्या मातीवर घरे बांधली, त्या मातीत आपल्या आधीची शेकडो पिढ्यांची माणसे निजली आहेत. ती आपल्या रक्ताची नसतील, पण या जमिनीवरचे आपले वडीलधारे तीच आहेत.

म्हणून एक विनंती. नागपूरकडची पुष्कळ वर्तुळे नांगराखाली, खडीसाठी, वस्तीच्या वाढीत गेली. उद्या आपल्या शेतात धोंड्यांचे कडे दिसले, विहीर खणताना मडके किंवा तांब्याचा तुकडा लागला, तर हात आवरा. उकरू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारकच आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, गुंगेरियाच्या आठवणीने कळवा. त्या दोन मुलांचा काही दोष नव्हता; त्यांना सांगणारे कोणी नव्हते. आपल्या मुलांना सांगणारे आपण आहोत.