दोनशे सात चाळी

मालवणच्या किनाऱ्यावरील माणसाच्या वाट्यास पिढ्यान्‌पिढ्या एक चमत्कारिक विभागणी आली आहे. गावी त्याचे स्वतःचे घर असते, पुढे अंगण आणि मागे चार माड असतात. परंतु त्या घरात बसून पोट भरत नाही. पोट भरते मुंबईस, आणि तेथे डोके टेकण्यापुरती जागा मिळविणे हाच जन्माचा उद्योग होऊन बसतो. या दोन टोकांमध्ये जो आयुष्य काढतो त्यास आमच्याकडे ‘चाकरमानी’ म्हणतात. त्याच्या मनीऑर्डरीचे गुणगान आम्ही पुष्कळ करतो. पण ती ज्या खोलीतून निघे, त्या खोलीचे भाडे कोण ठरवी आणि त्याचा काही भार सार्वजनिक तिजोरीने उचलावा की नाही, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो. मुंबई सरकारने तो एकदा मोठ्या प्रमाणावर हाती घेतला होता. त्याची हकीकत बोधप्रद आहे.

मालवण, देवगड व वेंगुर्ले हे तालुके १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती. तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक दोन लाखांहून अधिक होते. आगबोटीतून उतरलेला तरुण प्रथम गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी. दहा-बारा जण एका खोलीचे भाडे वाटून घेत, खानावळीत जेवत आणि उरलेले गावी धाडीत. ही व्यवस्था कोंदट होती खरी, परंतु तिचे गणित पक्के होते.

सरकारला या कोंदटपणाची जाग आणली ती १८९६ च्या प्लेगने. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारी व म्युनिसिपल जमिनी आणि कर्ज यांच्या बळावर त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. पाडण्याचा वेग बांधण्याहून अधिक होता, त्यामुळे उठविलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत जाऊन तेथील गर्दी वाढवीत. तथापि त्या चाळींचे मोल कमी लेखू नये. परळच्या पोयबावडीस ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे दोन तपे राहिले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. विद्येची आणि चळवळीची कित्येक वर्षे मात्र भाड्याच्या खोलीतली. साधी, पण हक्काने मिळालेली जागा माणसास काय करू देते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी याहून भव्य बेत आखला. १९२० साली डेव्हलपमेंट खाते निघाले आणि कामकऱ्यांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे ठरले. त्यासाठी कर्ज उभारले गेले. शिवाय मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया पट्टी बसविण्यात आली. ज्या धंद्यासाठी मजूर शहरात येतो, त्या धंद्याने त्याच्या निवाऱ्याचा भार उचलावा, हे तत्त्व आमच्या मते आजही न्याय्य आहे.

प्रत्यक्षात चाळी झाल्या २०७: वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२. प्रत्येक चाळ चार मजल्यांची, मजल्यास वीस खोल्या आणि दर खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे साडेसोळा हजार खोल्या, ठरविलेल्यांच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या. आश्चर्य याचे की, ज्या शहरात माणसे जिन्याखाली निजत होती, तेथे या खोल्या, विशेषतः वरळीच्या, वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या! १९३० च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामकऱ्यासाठी बांधलेल्या घरात सत्याग्रही कोंडले गेले.

असे का झाले? महायुद्धानंतरच्या महागाईत बांधकामाचा खर्च फुगला होता. त्याचा बराच भाग भाड्यातून वसूल करण्याची सरकारची इच्छा होती. कापसाच्या पट्टीने केवळ तूट भरावयाची होती. दहा गाववाल्यांत भाडे वाटून घेणाऱ्या चाकरमान्यास ते भाडे जड होते आणि वरळी त्या वेळी पुष्कळ गिरण्यांपासून लांब. सरकारने भिंती मोजल्या. भाडेकऱ्याचा पगार मोजला नाही. पुढे भाडी उतरविली गेली, शहरही वाढत वाढत त्या चाळींपर्यंत आले, तेव्हा खोल्या भरल्या. खोलीत बिऱ्हाड आले, मुले शाळेत जाऊ लागली, आणि गणपतीस मालवणकडे निघणारे कुटुंब अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा त्याच दारात उतरू लागले.

याच सुमारास, १९२३ नंतर, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीने घरांवर खास कर बसविला. मोठ्या घरांवर तो अधिक होता. त्या उत्पन्नातून तिने १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. बांधकामाचा पैसा करातून आला असल्याने भाड्यात व्याज धरण्याचे कारणच उरले नाही. देखभालीपुरते भाडे पुरे झाले. दोन्ही शहरांनी सार्वजनिक पैसा खर्चिला. एकाने तो दिला, दुसऱ्याने तो जणू उसना दिला. सारा भेद एवढ्यात आहे.

स्वातंत्र्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने असलेल्या भाडेकऱ्यास अभय दिले. परंतु भाड्यासाठी घर बांधण्यात मालकास स्वारस्य उरले नाही. सरकारी गृहनिर्माणाचा कलही हळूहळू मालकीच्या घराकडे झुकला. त्या जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीचे भूमिपूजन २०१७ साली झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांचा हा आनंद आम्हांस मनापासून न्याय्य वाटतो. परंतु मालकीचे घर एकदाच कोणा एकाचे होते. भाड्याची खोली एक गेला की दुसऱ्यास मिळते. उद्या मालवणहून जो तरुण निघेल, त्याच्यासाठी त्या २०७ चाळींतील एक दार कायमचे लागले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हजारो चाकरमानी गावाकडे परतले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने स्थलांतरित श्रमिकांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. शंभर वर्षांनी प्रश्न पुन्हा मूळ जागी आला आहे. अशा योजनेचे मोजमाप किती मजले चढले यावर करू नये. महिन्याचे भाडे दिल्यावर मालवणच्या घरी धाडण्यास हातात काय उरते, हे विचारावे. वरळीच्या रिकाम्या खोल्यांनी एवढे तरी आम्हांस शिकविले असावे.