रुंद पाय, अरुंद बूट : डोंगरवाटेसाठी माप कसे घ्यावे?

विठ्ठलवाडी, प्रतिनिधी - रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये विठ्ठलवाडीहून पाठीवर सॅक घेतलेले डोंगरभटके चढतात. कुणी वांगणीला उतरून चंदेरीची वाट धरतो, तर कुणी नेरळहून पेबची. चढताना पायातील बुटांकडे सहसा लक्ष जात नाही. उतरणीवर मात्र बोटे बुटाच्या टोकावर आपटू लागतात, नखे काळी पडतात, टाचेला फोड येतात. दुखरे पाऊल नीट न टेकल्यास ओल्या कातळावर तोल जाण्याचा धोका असतो.

हा त्रास रुंद चवड्याच्या पायांना अधिक होतो. आपल्याकडील बुटांवर बहुधा ब्रिटिश क्रमांक असतो. तो लांबी सांगतो, रुंदी नव्हे. दोन क्रमांकांतील अंतर इंचाच्या तिसऱ्या भागाइतके, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकी पायांहून रुंद असल्याचे त्यात आढळले. त्यावरून 'भा' ही स्वतंत्र मापपद्धती सुचविण्यात आली.

रुंदीसाठी एक क्रमांक मोठा बूट घेण्याची सवय घातक ठरते. चवडा सुटतो, पण टाच आत घसरते. त्याऐवजी रुंद बांधणीचाच बूट शोधावा.

माप घेताना
* पाय दिवसभरात किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. ट्रेकचे मोजे सोबत न्यावेत.
* दोन्ही पाय उभे राहून मोजावेत व मोठ्या पायाचे माप धरावे. अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट अधिक लांब असते, याचे भान ठेवावे.
* बुटातील गादी काढून तिच्यावर उभे राहावे. चवडा कडेबाहेर आला, तर तो बूट अरुंद समजावा.
* नाडी बांधून जिना उतरून पाहावा. बोटे पुढे टेकता कामा नयेत.

थोडी दुरुस्ती
टाच निसटत असेल, तर नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या छिद्रांत फास करून आवळावी. पायाची वरची बाजू उंच असल्यास मधली छिद्रे सोडून द्यावीत. लहान पायाच्या बुटात जादा गादी घालता येते. चामड्याचा बूट कारागिराकडून कालबुतावर थोडा सैल करून मिळतो. कृत्रिम कापडाचा फारसा सैलावत नाही.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना बूट चावत असल्याचे कळतही नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बूट निवडावेत. इतरांनीही नवे बूट आठवडा-दोन आठवडे रोजच्या चालण्यात वापरावेत आणि मगच गडाची वाट धरावी.