मॉरिस वर्म
इंटरनेटवर मोठ्या प्रमाणावर पसरलेला पहिला स्वयंप्रसारी प्रोग्रॅम. नेटवर्क सुरक्षेची मूलतत्त्वे शिकायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी तो एमआयटीतील संगणकावरून सोडला. युनिक्स यंत्रांत शिरण्यासाठी वर्मने सेंडमेल या ईमेल प्रोग्रॅममधील उघडी राहिलेली डीबग सोय, सहज ओळखता येणारे पासवर्ड आणि वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतील एक चूक यांचा फायदा घेतला. ही चूक बारकाईने पाहण्याजोगी आहे. येणाऱ्या मजकुरासाठी फिंगरने ५१२ बाइटची जागा राखली होती. मजकूर त्यात मावतो का, हे मात्र तपासले जात नव्हते. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जादा बाइट शेजारच्या स्मृतीवर लिहिले गेले, परतीचा पत्ता बदलला आणि यंत्र वर्मच्याच आज्ञा पाळू लागले. एकेका यंत्रावर अनेक प्रती चालू लागल्याने यंत्रे ठप्प झाली. १९९० मध्ये मॉरिस दोषी ठरला. त्याला तुरुंगवास झाला नाही. या घटनेनंतर लगेचच कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे आपत्कालीन प्रतिसाद केंद्र उभे राहिले. भारतात अशा कामासाठी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था आहे.