नादाला नाव देणारे

गेल्या नाताळापूर्वीची गोष्ट. लोणी देवकर येथील एका घरी गायनवृंदाचा सराव चालू होता. औद्योगिक वसाहतीत नोकरीस असलेल्या एका तरुणाने आपली इलेक्ट्रिक गिटार आणली होती आणि पेटीवर एक वयोवृद्ध गृहस्थ बसले होते. दोन कडवी झाल्यावर पेटीवाले थांबले. म्हणाले, "बाळा, आवाज बोदा येतोय. जरा मोकळा कर." तरुणाने क्षणभर विचार केला आणि वाद्यावरची एक लहानशी कळ सरकवली. तीच तार आता लख्ख बोलू लागली. "आम्ही याला ब्राइट म्हणतो, काका," तो हसून म्हणाला.

दोघांची भाषा निराळी, वये निराळी. तरी शब्द अचूक पोहोचला. त्या रात्रीपासून मनात एक प्रश्न घोळत राहिला. नादाला ना रंग आहे, ना आकार. मग त्याला ही नावे कोणी दिली? वास्तविक ही सारी नावे इतर इंद्रियांकडून उसनी घेतलेली आहेत. 'गोड' हे जिभेकडून, 'मऊ' हे स्पर्शाकडून, 'गोल' हे डोळ्याकडून. परंतु उसनवारी असली तरी ती मोघम नाही. प्रत्येक नावामागे कोणा कारागिराचा हात उभा असतो. याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेत आहे.

मिरजेचे शिकलगार हे मुळात हत्यारे घडविणारे व त्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर तलवारींची मागणी ओसरली. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या या नगरीत फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे आपले कसब वळविले. त्यांचे वंशज पुढे 'सतारमेकर' या आडनावाने ओळखले जाऊ लागले. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले आणि अशा सूक्ष्म कानाच्या गवयांचा शेजार या कारागिरांना लाभला. तंबोऱ्याचा भोपळा मात्र येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठावरून. जी भीमा उजनीच्या जलाशयात आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेने विसावते, तीच पुढे जाऊन हे भोपळे पोसते, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात येते.

या वाद्याचा प्राण म्हणजे 'जवारी'. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला केसाएवढा बाक दिलेला असतो. तार कंप पावताना त्या बाकाला हलकेच घासते आणि मूळ स्वरातून उपस्वरांचा झोत उसळतो. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून तो झोत नेमका फुलविला जातो. खर्जाची तार छेडली असता न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला गवयी 'स्वयंभू गंधार' म्हणतात. कारागीर घोडी कानशीने व काचकागदाने घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. या कामाला 'जवारी काढणे' म्हणतात. उपस्वर भरपूर उमलले तर 'खुली जवारी', आवरलेले राहिले तर 'बंद', आणि दोहोंमधली तोलाची ती 'गोल'. पंडित रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खाँ यांची बंद अंगाची, हे रसिक जाणतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली या घोडीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडावी तेथे नियमानुसार काही उपस्वर उमटूच नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट उमटतात, असे त्यांनी दाखविले. कारागिराच्या शब्दामागे असे शास्त्र दडलेले होते.

आता त्या तरुणाच्या गिटारकडे वळू. तिचा आवाज लाकडी पेटीतून नव्हे, तर तारांखाली बसविलेल्या 'पिकअप'मधून येतो. चुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. अमेरिकेत 1931 च्या सुमारास जॉर्ज बोशाँप यांनी हे साधन व्यवहारात आणले. एकाच वेटोळ्याचा पिकअप स्वच्छ बोले, पण आसपासच्या विजेची गुणगुणही टिपे. ती मारण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 साली दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडली. गुणगुण गेली, आवाज भरदार झाला. मात्र वरची धार थोडी बोथटली. म्हणून वादक पहिल्याला 'ब्राइट', तर दुसऱ्याला 'वॉर्म', म्हणजे उबदार, म्हणतात. आणि ऊब अति झाली तर 'मडी', म्हणजे गढूळ. मानेजवळचा पिकअप गोल बोलतो, घोडीजवळचा टोकदार; कारण घोडीपाशी मूळ स्वराच्या मानाने उपस्वर ठळक असतात. आमच्या तरुणाने कळ सरकवून हेच केले होते. दोन पिकअप एकत्र चालवून येणाऱ्या एका आवाजाला तर वादकांनी बदकाच्या ओरडण्याचे नाव दिले आहे!

मिरज काय किंवा अमेरिका काय, शब्द जन्मला तो गरजेपोटी. वाजविणारा मागतो, घडविणारा देतो आणि शब्द दोघांमधला करार ठरतो. हा करार आज क्षीण होत आहे. 1979 पासून विजेवरचा तंबोरा मिळू लागला. तो सोयीचा खरा, पण त्याची जवारी कोणी काढत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले, ही अभिमानाची बाब होय. तथापि मानांकन नाव राखते, कान राखत नाही. 'खुली' आणि 'बंद' यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापुढे सर्वोत्तम कारागीरही मुका ठरतो आणि त्याचा मुलगा दुसरा धंदा शोधतो.

म्हणून पालकांना एक विनंती. घरात पेटी असो, गिटार असो वा तबला. मूल वाजवू लागले की "छान" एवढ्यावर थांबू नका. आवाज कसा आला, ते त्याला विचारा. बोदा की खणखणीत, घोगरा की किनरा, गोल की उघडा? शब्द शोधताना त्याचा कान उघडेल. त्या रात्री सराव संपल्यावर तरुणाने आपल्या वहीत स्वरांच्या शेजारी एक टीप लिहिली : 'दुसरे कडवे – बोदा नको.' पेटीवाल्या काकांनी चष्मा लावून ती वाचली, आणि पेटी बंद करताना त्याला विचारले, "तुझ्या त्या ब्राइटला आणखी काय काय म्हणतात रे?"