दलमादलच्या साक्षीने

पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर ही मल्ल राजांची राजधानी. वीर हंबीराच्या नावाशी जोडलेला रासमंच, १६४३ चे श्यामराय, १६५५ चे जोडबांगला आणि १६९४ चे मदनमोहन मंदिर पाहताना भाजलेल्या मातीच्या फलकांवरील कृष्णलीलांवरून दृष्टी हलत नाही. मराठी प्रवाशाची परीक्षा मात्र होते ती चौथऱ्यावर ठेवलेल्या दलमादल तोफेपाशी.

लोखंडी कडी एकमेकांस सांधून घडविलेली ही तोफ सुमारे साडेबारा फूट लांब आहे. १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांचे सैन्य चालून आले, तेव्हा राजा गोपालसिंहाने प्रजेला नामसंकीर्तन करावयास सांगितले आणि साक्षात मदनमोहनाने ही तोफ डागून शत्रूस पळवून लावले, अशी आख्यायिका आहे. शत्रू म्हणजे आपणच! मी इंदूरचा मराठी, असे सांगताच वाटाड्या हसून म्हणाला, "म्हणजे बर्गी!"

हा शब्द आपल्याच 'बारगीर'चा. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या या फौजांनी चौथाईसाठी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. १७४३ मध्ये तर खुद्द नानासाहेब पेशवे रघूजींविरुद्ध अलिवर्दीखानाच्या मदतीस गेले. १७४४ मध्ये खानाने भास्कररामांना वाटाघाटीसाठी मनकऱ्यास बोलावून दग्याने ठार केले. अखेर १७५१ च्या तहाने बंगालची वार्षिक बारा लक्षांची चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली आला.

आपल्या बखरी-इतिहासांत हा पराक्रमाचा अध्याय आहे. त्याच काळातील गंगाराम या बंगाली कवीने मात्र 'महाराष्ट्रपुराण' रचून त्यात जळालेली गावे आणि परागंदा झालेली माणसे नोंदवून ठेवली. मुलांना निजविताना बर्गींचे भय घालणारे अंगाईगीत बंगालात आजही म्हटले जाते.

आपले पूर्वजही फौजांबरोबरच माळव्यात आले. पण ते तेथे राहिले. त्यांनी घाट बांधले, मंदिरे उभारली, तेथल्या मातीशी नाते जोडले. बंगालात आपण केवळ वसुलीसाठी गेलो आणि परतलो. म्हणून तेथे आपली वास्तू नाही, एक शब्द तेवढा उरला. भास्कररामांच्या घाताचे दुःख आपण जरूर करावे. परंतु त्या शब्दामागचे दुःखही आपल्याच इतिहासाचे पान आहे, हे मान्य करावे. निघताना मी मदनमोहनाच्या दारी हात जोडले. ज्याने आपल्यावर तोफ डागली, तो देव तर आपलाही आहे.